तारणाची शाश्वती

ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक महत्त्वाचा व दीर्घकाळ वादविषय ठरलेला सिद्धांत. येशू ख्रिस्तावरील विश्वासाने ज्याला तारण लाभले, त्याचे ते तारण अखेरपर्यंत अबाधित राहते, की पुढे घडलेल्या पापामुळे वा विश्वासत्यागामुळे ते गमावले जाऊ शकते, हा या सिद्धांताचा मुख्य प्रश्न होय. यूरोपात सोळाव्या व सतराव्या शतकांत या प्रश्नावरून धर्मसभा भरल्या आणि पंथभेद निर्माण झाले. महाराष्ट्रात सातारा व सांगली या भागात एकोणिसाव्या शतकात जे मिशनकार्य सुरू झाले, त्याच्याबरोबर हा विचार मराठीत आला. तेथे मात्र त्याला वेगळाच संदर्भ लाभला. जात, वतन व आप्त यांना दुरावून बाप्तिस्मा घेणाऱ्यांच्या दृष्टीने तो केवळ परलोकाचा प्रश्न नव्हता; आपण ज्यासाठी सर्व सोडले ते तरी टिकणारे आहे काय, असा तो प्रत्यक्ष जीवनातील प्रश्न होता.

संज्ञा व अर्थ : ‘तारण’ हा शब्द ‘तरणे’ म्हणजे पार जाणे या अर्थाच्या ‘तॄ’ धातूपासून आला आहे. भवसागरातून तरून जाणे ही कल्पना मराठी संतवाङ्मयात सर्वत्र आढळते. मराठी ख्रिस्ती लोकांनी मोक्ष व मुक्ती हे शब्दही वापरले. परंतु पापापासून व त्याच्या दंडापासून ईश्वराने केलेली सुटका या विशिष्ट अर्थाने ‘तारण’ हाच शब्द त्यांच्यात रूढ झाला. व्यवहारात याच शब्दाचा दुसरा अर्थ कर्जासाठी हमी म्हणून ठेवलेली वस्तू असा आहे. हे अर्थसाहचर्य योगायोगाचे असले, तरी प्रस्तुत विषयात ते उद्बोधक ठरते. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने पवित्र आत्म्याला उद्देशून जो ग्रीक शब्द योजला आहे, तो मुळात व्यापारातील असून सौदा पक्का करण्यासाठी आगाऊ दिलेली रक्कम असा त्याचा अर्थ होतो. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘विसार’ हा शब्द वापरण्यात आला आहे आणि पुढे मिळावयाच्या वारशासाठी ‘वतन’ हा शब्द आला आहे. विसार व वतन हे दोन्ही शब्द कृष्णाकाठच्या शेतकऱ्याच्या व बलुतेदाराच्या नित्य परिचयाचे होते.

या विषयात दोन गोष्टींमध्ये भेद करणे आवश्यक ठरते. तारण वस्तुतः टिकून राहणे ही शाश्वती होय, तर आपले तारण झाले आहे याची श्रद्धाळूला अंतःकरणात वाटणारी निःशंकता ही खात्री होय. शाश्वती ही ईश्वराच्या कृतीविषयीची गोष्ट आहे, तर खात्री ही मनुष्याच्या अनुभवाविषयीची. एखाद्याचे तारण शाश्वत असूनही त्याला त्याची खात्री वाटत नसेल. उलट एखाद्याला वाटणारी खात्री भ्रामकही असू शकेल. या दोहोंची गल्लत झाल्यामुळे या वादात अनेकदा गैरसमज निर्माण झालेले आढळतात.

बायबलमधील आधार : शाश्वती मानणाऱ्यांचा मुख्य आधार योहानकृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय हा आहे. आपल्या मेंढरांना कोणीही आपल्या हातातून हिसकावून घेऊ शकणार नाही, असे येशूने तेथे सांगितले आहे. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी मरण, जीवन वा कोणतीही सृष्ट वस्तू श्रद्धाळूंना ईश्वराच्या प्रेमापासून वेगळे करू शकत नाही, असे पौल प्रतिपादन करतो. फिलिप्पैकरांस पत्राच्या आरंभी ईश्वराने आरंभिलेले चांगले काम तोच सिद्धीस नेईल, असा भरवसा व्यक्त झाला आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात तर आपल्याला सार्वकालिक जीवन लाभले आहे हे वाचकांना कळावे, हाच लेखनाचा हेतू सांगितला आहे.

याच्या विरुद्ध बाजूस इब्री लोकांस पत्रातील सहाव्या व दहाव्या अध्यायांमधील कडक इशारे आहेत. एकदा प्रकाश मिळाल्यावर जे पतित होतात, त्यांना पश्चात्तापाप्रत पुन्हा आणणे अशक्य आहे, असा त्यांचा आशय आहे. शेवटपर्यंत टिकून राहणाराच तरेल, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात म्हटले आहे. वेलात न राहणारे फाटे तोडून जाळले जातात, हा योहानाच्या पंधराव्या अध्यायातील दृष्टांतही याच आशयाचा मानण्यात येतो. इतरांना उपदेश करून आपण स्वतः अपात्र ठरू नये, अशी काळजी पौलानेही करिंथकरांस लिहिताना व्यक्त केली आहे. नव्या करारात दोन व्यक्तींची उदाहरणे या संदर्भात वारंवार पुढे केली जातात : येशूला तीनदा नाकारूनही पुन्हा प्रेषितपदावर दृढ झालेला पेत्र आणि जगाच्या मोहाने पौलाला सोडून गेलेला देमास. पहिल्या प्रकारच्या वचनांना मुख्य मानल्यास इशाऱ्यांचा अर्थ लावावा लागतो व इशाऱ्यांना मुख्य मानल्यास आश्वासनांचा. सर्व पंथांची मते या दोन पद्धतींतूनच निघाली आहेत.

ऐतिहासिक विकास : पहिल्या तीन शतकांत रोमन साम्राज्यातील छळाच्या काळी ज्यांनी विश्वास नाकारला त्यांना मंडळीत परत घ्यावे किंवा कसे, या व्यावहारिक अडचणीतून हा प्रश्न प्रथम उपस्थित झाला. पश्चात्तापानंतर त्यांना परत घ्यावे, हे मत अखेर मान्य झाले. सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने आपल्या उत्तरायुष्यात टिकून राहण्याच्या देणगीविषयी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अखेरपर्यंत टिकून राहणे हे मनुष्याचे कर्तृत्व नसून ईश्वराची देणगी आहे, असे त्याने प्रतिपादिले. तथापि ती देणगी आपल्याला लाभली आहे किंवा नाही, हे जिवंतपणी कोणालाही निश्चित कळत नाही, असेही त्याचे मत होते.

मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) याच्या धर्मसुधारणेचे मूळ तारणाच्या अनिश्चिततेने ग्रासलेल्या त्याच्या मनःस्थितीत होते. पुण्यकर्मे कितीही केली तरी ती पुरेशी झाली हे कसे कळावे, या शंकेला विश्वासाने नीतिमान ठरणे हे उत्तर त्याला मिळाले. जॉन कॅल्व्हिन (१५०९–६४) याने तारणाचा संबंध ईश्वराच्या अनादी निवडीशी जोडला. ईश्वराने ज्याला निवडले त्याला तो अखेरपर्यंत सांभाळतो, असा त्याचा सिद्धांत आहे. याउलट रोमन कॅथलिक धर्मपीठाने ट्रेंट येथील धर्मपरिषदेत १५४७ मध्ये असे ठरविले, की विशेष ईश्वरी साक्षात्काराखेरीज आपण अखेरपर्यंत टिकून राहू असा निःसंशय दावा कोणी करू नये. प्राप्त झालेली कृपा घोर पापाने गमावली जाते आणि पापनिवेदनाच्या संस्काराने ती पुन्हा मिळू शकते, ही कॅथलिक भूमिका आहे. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेत तारण हे एका क्षणाचे कृत्य न मानता ईश्वराशी एकरूप होत जाण्याची आयुष्यभराची वाटचाल मानतात. त्यामुळे तेथे हा प्रश्न याच स्वरूपात उपस्थित होत नाही.

नेदर्लंड्समधील याकोब आर्मिनियस (१५६०–१६०९) याच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमांचे एक निवेदन सादर केले. खरा श्रद्धाळू स्वतःच्या हलगर्जीपणाने पतित होऊ शकतो काय, हा मुद्दा त्याच्या पाचव्या कलमात शास्त्राच्या अधिक अभ्यासासाठी खुला ठेवण्यात आला होता. डॉर्ट येथील धर्मसभेने (१६१८–१९) हे मत अमान्य करून निवडलेले जन अखेरपर्यंत टिकून राहतात, असा निर्णय दिला. १६४६ मध्ये तयार झालेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासनाम्यात सतराव्या प्रकरणात शाश्वती व अठराव्या प्रकरणात खात्री असे दोन वेगवेगळे विषय मांडले आहेत. ईश्वराने स्वीकारलेले जन पूर्णतः वा कायमचे पतित होत नाहीत. मात्र ते गंभीर पापात पडू शकतात, त्यांची खात्री डळमळू शकते आणि खऱ्या श्रद्धाळूलाही ती लाभण्यासाठी दीर्घकाळ थांबावे लागते, असे त्यात म्हटले आहे. इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली (१७०३–९१) याला २४ मे १७३८ रोजी लंडनमधील एका सभेत आपल्या तारणाची उत्कट अंतःप्रतीती आली. त्याच्या मेथडिस्ट पंथाने अशा खात्रीवर मोठा भर दिला. परंतु लाभलेले तारण गमावणे शक्य आहे, हेही त्याने आग्रहाने सांगितले. अशा प्रकारे खात्री मानणारा पण शाश्वती न मानणारा एक मोठा प्रवाह प्रॉटेस्टंट पंथात निर्माण झाला.

सातारा व सांगली भागातील प्रवाह : या भागात हे वेगवेगळे प्रवाह मिशनांच्या द्वारे पोहोचले. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनची परंपरा काँग्रिगेशनल होती. या मिशनचे कार्य महाबळेश्वर येथे १८३४ च्या सुमारास शाळेच्या रूपाने सुरू झाले. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले आणि १८४९ मध्ये सातारा येथे मिशनचे ठाणे झाले. पुढे वाई येथेही मिशनचे काम वाढले. दक्षिणेस रॉयल वाइल्डर हे १८५२ मध्ये कोल्हापुरास आले. त्यांनी उभारलेले कार्य १८७० मध्ये अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनकडे गेले. या मिशनने १८८४ मध्ये सांगली व १८९२ मध्ये मिरज येथे ठाणी उघडली. मिरजेस डॉ. विल्यम वॉन्लेस (१८६५–१९३३) यांनी उभारलेले रुग्णालय १८९४ मध्ये सुरू होऊन पुढे विख्यात झाले. त्या काळी सांगली व मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती. १९४८ मध्ये ती मुंबई राज्यात विलीन झाली. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला व त्याला १९६० मध्ये सांगली हे नाव देण्यात आले.

काँग्रिगेशनल व प्रेसबिटेरियन या दोन्ही परंपरांचे मूळ कॅल्व्हिनच्या विचारात असल्याने शाश्वतीच्या बाबतीत त्यांच्यात तत्त्वतः मतभेद नव्हता. भेद होता तो मंडळीच्या कारभारात. काँग्रिगेशनल पद्धतीत प्रत्येक स्थानिक मंडळी आपले निर्णय स्वतः घेते, तर प्रेसबिटेरियन पद्धतीत पाळक व निवडलेले वडील यांच्या श्रेणीबद्ध सभा हा अधिकार चालवितात. याहून वेगळी भूमिका मुक्तिफौजेची होती. १८८२ मध्ये भारतात आलेल्या या संघटनेचे कार्य सातारा भागातही पसरले. मेथडिस्ट परंपरेतून निघालेल्या या संघटनेच्या अकरा तत्त्वांपैकी नवव्या तत्त्वानुसार तारणाच्या स्थितीत राहणे हे ख्रिस्तावरील अखंड व आज्ञाधारक विश्वासावर अवलंबून असते. परिणामी मिरज-सांगलीच्या मंडळ्यांमधून शाश्वतीचा व मुक्तिफौजेच्या सभांमधून जागरूकतेचा, असे दोन भिन्न स्वर एकाच प्रदेशात शेजारी शेजारी ऐकू येत राहिले.

धर्मांतर व ऐहिक सुरक्षितता : एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती होणाऱ्या व्यक्तीची ऐहिक सुरक्षितता तात्काळ धोक्यात येई. उच्चवर्णीय धर्मांतरितास घर, पंगत व वारसाहक्क यांना मुकावे लागे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने १८५० मध्ये केलेल्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क नष्ट होऊ नये अशी तरतूद केली. परंतु हा कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता. तो नुकत्याच खालसा झालेल्या साताऱ्यास लागू झाला, तरी संस्थानी प्रदेशाला आपोआप लागू होत नव्हता. या भागातील मंडळ्यांत महार व मांग समाजांतून आलेल्यांचे प्रमाण मोठे होते. त्यांचा संबंध जमिनीच्या वारशापेक्षा गावकीतील हक्कांशी, बलुत्याशी व वतनी सेवेशी होता. ख्रिस्ती झाल्यावर गावदेवतेच्या सणातील वाट्याची कामे न करणारा मनुष्य त्या हक्कांच्या व्यवस्थेत परका ठरण्याचा संभव असे. अशा श्रोत्यांना ‘वतन’ व ‘विसार’ या शब्दांनी जे सांगितले जाई, त्याचा अर्थ लावून घेण्यास वेगळ्या भाष्याची गरज नव्हती : गावचे वतन सुटले तरी दुसरे, न सुटणारे वतन आहे आणि त्याचा विसार मिळाला आहे.

परतीचा मार्गही सोपा नव्हता. श्रीपाद शेषाद्री या ब्राह्मण मुलाला मिशनच्या सहवासातून परत आणल्यावर जातीत घ्यावे की नाही, यावरून १८४३ च्या सुमारास मुंबईत मोठा वाद झाला. बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) यांनी त्याच्या शुद्धीचा पुरस्कार केला, तेव्हा सनातनी वर्गाचा रोष त्यांना पत्करावा लागला. म्हणजे ज्याला मूळ समाज ‘पतित’ मानीत असे, तोच मागे फिरल्यास मंडळीच्या दृष्टीनेही पतित ठरे. अशा दुहेरी निराधारतेच्या स्थितीत ईश्वर आपल्याला सोडणार नाही ही शिकवण सांत्वनाची होती, तर मागे फिरल्यास सर्वच गेले, हा इशारा अत्यंत कठोर होता.

१८७६–७७, १८९६–९७ व १८९९–१९०० या दुष्काळांनी हा प्रश्न आणखी बिकट केला. दुष्काळात मिशनांनी अन्न, काम व अनाथ मुलांना आश्रय दिला आणि त्यानंतर मंडळ्यांची संख्या वाढली. पोटासाठी आलेला विश्वास खरा मानावा काय, आणि सुकाळ येताच मागे गेलेल्यांविषयी काय म्हणावे, असे प्रश्न त्यामुळे निर्माण झाले. कॅल्व्हिनच्या परंपरेत त्याचे ठरावीक उत्तर असे, की जे कायमचे निघून गेले ते मुळातच खरे श्रद्धाळू नव्हते. या उत्तराने सिद्धांत अबाधित राहतो. परंतु जे राहिले त्यांच्या मनात, आपला विश्वास तरी खरा कशावरून, ही शंका त्यातूनच उत्पन्न होते. शाश्वतीच्या सिद्धांतावर घेतला जाणारा हा मुख्य आक्षेप आहे : तो तारण गमावण्याची भीती दूर करतो, पण ते मुळात मिळालेच नसावे ही भीती तिच्या जागी आणतो.

मंडळीची शिस्त : हा सिद्धांत प्रत्यक्षात कसा मानला जात होता, हे प्रवचनांपेक्षाही मंडळीच्या शिस्तीतून अधिक स्पष्ट होते. दारू, मूर्तिपूजेतील सहभाग, अनैतिक संबंध किंवा ख्रिस्तेतर विधीने केलेले विवाह अशा कारणांसाठी सभासदाला काही काळ प्रभुभोजनापासून दूर ठेवण्यात येई. पश्चात्ताप व्यक्त केल्यावर मंडळीसमोर त्याला पुन्हा सहभाग दिला जाई. त्याला दुसऱ्यांदा बाप्तिस्मा मात्र देत नसत. बाप्तिस्मा हा एकदाच व्हावयाचा संस्कार आहे, कारण तो मनुष्याच्या निष्ठेची नव्हे, तर ईश्वराच्या वचनाची खूण आहे, अशी यामागील धारणा होती. मनुष्याकडून करार मोडला गेला तरी ईश्वराकडून तो मोडला जात नाही, ही शाश्वतीच्या शिकवणीची बाजू अशा प्रकारे आचारातही आली. तसेच शिस्त लावली जात असल्यामुळे, तारण शाश्वत मानल्याने पापाला मोकळीक मिळते, या आक्षेपालाही काही प्रमाणात उत्तर मिळत असे.

खात्रीचा शोध – पंडिता रमाबाई व नारायण वामन टिळक : बाप्तिस्मा व खात्री या एकच गोष्टी नव्हेत, याचे महाराष्ट्रातील प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे होय. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत नमूद केले आहे. विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाच्या आत्मचरित्राचे वाचन त्यांना या बाबतीत उपकारक ठरले आणि बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना तारणाची खात्री वाटू लागली.

साताऱ्याशी थेट निगडित असलेले उदाहरण कवी → नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे आहे. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने ते साताऱ्यास राहू लागले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांचा हा बंधुसंघ होता. आपण तुकारामाच्या मार्गाने ख्रिस्तापर्यंत आलो, असे टिळक म्हणत. त्यांच्या या प्रयोगाने तारणाच्या शाश्वतीचा प्रश्न वेगळ्या बाजूने पुढे आणला. मंडळीच्या नोंदवहीत नाव असणे ही तारणाची हमी नव्हे, हे सर्व प्रॉटेस्टंट पंथांना मान्य होते. परंतु नोंदवहीबाहेर राहिलेल्या भक्तालाही ख्रिस्ताचा शिष्य म्हणून उघडपणे स्वीकारणे अनेकांना धोक्याचे वाटले. बाप्तिस्म्याची किंमत ज्यांनी जात व आप्त गमावून मोजली होती, त्यांचा आक्षेप समजण्यासारखा होता. उलट जात न सोडताही जे ख्रिस्ताला भजत होते, त्यांच्यासाठी दरबार हे एकमेव घर होते. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले आणि हा प्रयोग फार काळ टिकला नाही. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात या कुटुंबाच्या धर्मांतराचे आणि त्यातून ओढवलेल्या ताटातुटीचे दर्शन घडते. स्वतः लक्ष्मीबाईंनी पतीनंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला.

भारतीय विचाराशी तुलना : ईश्वराची कृपा व मनुष्याचा प्रयत्न यांचा संबंध भारतीय भक्तिपरंपरेतही चर्चिला गेला आहे. रामानुजांच्या अनुयायांमध्ये या प्रश्नावरून दोन पक्ष पडले. माकडीचे पिलू आईला स्वतः घट्ट धरून राहते, तर मांजरी आपल्या पिलाला तोंडात धरून नेते. वडकलै पक्षाने पहिला म्हणजे मर्कटन्याय व तेनकलै पक्षाने दुसरा म्हणजे मार्जारन्याय स्वीकारला. कॅल्व्हिनचे मत मार्जारन्यायाला व आर्मिनियसचे मर्कटन्यायाला पुष्कळसे जवळचे आहे. भगवद्‌गीतेच्या सहाव्या अध्यायात योगभ्रष्टाची गती काय, असा प्रश्न अर्जुन विचारतो. कल्याणकारी कर्म करणारा दुर्गतीला जात नाही आणि पुढील जन्मी तो आपली साधना पुन्हा हाती घेतो, असे उत्तर त्याला मिळते. नवव्या अध्यायात तर आपल्या भक्ताचा नाश होत नाही, असे आश्वासन आहे. ख्रिस्ती विचाराशी असलेले याचे साम्य उघड आहे, पण त्यातील भेद अधिक महत्त्वाचा आहे. ख्रिस्ती धर्म पुनर्जन्म मानीत नाही. अपुरी राहिलेली साधना पुढील जन्मी पूर्ण करण्याची सोय नसल्याने एकाच आयुष्यावर सर्व भार पडतो आणि म्हणूनच शाश्वतीचा प्रश्न तेथे इतका तीव्र होतो. साताऱ्याजवळील सज्जनगड, कृष्णाकाठची तीर्थक्षेत्रे व पंढरीची वारी यांच्या परिसरात वाढलेल्या धर्मांतरिताला हा भेद पुस्तकी नव्हता. जन्मोजन्मीच्या अवकाशातून एका जन्माच्या अवकाशात येणे, असा तो बदल होता.

आधुनिक काळ : १९२४ मध्ये प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्यांच्या ऐक्यातून उत्तर भारताची संयुक्त मंडळी अस्तित्वात आली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारत मंडळीत तिच्यासह अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स व ब्रिटिश मेथडिस्ट परंपरेतील मंडळ्या एकत्र आल्या. सातारा व सांगली भागातील अनेक मंडळ्या या ऐक्यात सहभागी झाल्या. शाश्वती मानणाऱ्या व न मानणाऱ्या परंपरा एका छत्राखाली आल्याने हा मुद्दा पंथभेदाचे कारण राहिला नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पसरलेल्या पेंटेकॉस्टल व स्वतंत्र मंडळ्यांत मात्र त्याची चर्चा पुन्हा होऊ लागली. एकदा तारण मिळाले की ते कायमचे, असे संक्षिप्त सूत्र काही उपदेशक मांडतात. वेस्टमिन्स्टरच्या मूळ विचारातील टिकून राहण्याची अट त्यातून गळून पडते, असे त्यावर टीकाकारांचे म्हणणे आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात ऐहिक सुरक्षिततेचा जुना प्रश्न नव्या रूपात उपस्थित झाला. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हा दर्जा प्रथम हिंदूंपुरता मर्यादित होता. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध धर्मीयांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती धर्मीयांचा मात्र झाला नाही. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर कोणता धर्म नोंदवावा, हा दलित पार्श्वभूमीच्या ख्रिस्ती कुटुंबापुढील प्रश्न मुलांच्या शिक्षणाशी व नोकरीशी जोडला गेला. कागदोपत्री जुना धर्म ठेवून उपासनेस येणारा मनुष्य विश्वास नाकारतो काय, यावर पाळकांमध्ये एकमत नाही. काही जण त्याला ख्रिस्ताचा नकार मानतात. दुसऱ्या काहींच्या मते सरकारी नोंद ही तारणाची नोंद नव्हे. शंभर वर्षांपूर्वी देवाच्या दरबाराच्या निमित्ताने निघालेला मुद्दाच येथे पुन्हा उपस्थित झालेला दिसतो.

मूल्यमापन : तारणाच्या शाश्वतीचा सिद्धांत मनुष्याला बेफिकीर करतो, असा आक्षेप त्याच्यावर घेतात, तो नाकारल्यास मनुष्य कायमच्या भीतीत राहतो, असा आक्षेप विरुद्ध मतावर घेतात. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे आणि दोन्ही परंपरांनी त्यांची दखल घेतली आहे. शाश्वती मानणारे तिचा पुरावा नीतिमान जीवनात शोधतात, तर न मानणारे पश्चात्तापाचे द्वार सदैव खुले ठेवतात. त्यामुळे तत्त्वांतील अंतर मोठे असले, तरी आचारातील अंतर त्या मानाने कमी आहे. सातारा व सांगली भागातील मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासावरून असे दिसते, की या सिद्धांताचे बळ त्याच्या तार्किक मांडणीपेक्षा तो कोणासाठी सांगितला गेला यावर अवलंबून होते. ज्यांच्यापाशी गमावण्यासारखे काही उरले नव्हते, त्यांच्या दृष्टीने ईश्वराने दिलेला विसार परत घेतला जात नाही, ही शिकवण बेफिकिरीची नव्हे, तर टिकून राहण्याच्या सामर्थ्याची होती.